‘युके-युरोप’मधली जोडरेघ : ब्रेक्झिटनंतर नागपूरकरांनी कागदपत्रे कशी लावावीत

नागपुरात परदेशी शिक्षण, नोकरी किंवा निर्यात यांची चौकशी करायला निघालेला माणूस बहुधा ‘युके-युरोप’ असा एकच शब्द वापरतो, आणि २०२० सालापर्यंत त्यात फारसे बिघडत नव्हते. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले, त्यानंतरचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि १ जानेवारी २०२१ पासून त्या दोन शब्दांमधल्या जोडरेघेच्या जागी एक खरीखुरी सीमा आली. पूर्वी एकदा केलेले काम आता दोनदा करावे लागते, दोन वेगळ्या सरकारांसाठी आणि दोन वेगळ्या नियमांनी. नवख्या माणसाच्या बहुतेक अडचणी हे ध्यानात न घेतल्यामुळे उद्भवतात, म्हणून या लेखातला पहिला सल्ला अगदी साधा आहे : आपली फाईल दोन भागांत करावी, एकावर ‘ब्रिटन’ लिहावे आणि दुसऱ्यावर ‘युरोपीय संघ’.

हा मजकूर तिकडे राहणाऱ्या किंवा जाऊ इच्छिणाऱ्या व्यक्तींसाठी, त्यांच्या इथल्या कुटुंबीयांसाठी आणि बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर किंवा मिहानमधून तिकडे माल वा सेवा पाठवणाऱ्या लहान उद्योजकांसाठी लिहिला आहे. शुल्के आणि पगाराच्या मर्यादा वारंवार बदलतात. खाली दिलेले आकडे अर्ज भरण्याच्या दिवशी त्या त्या सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा पडताळून घ्यावेत.

मुळात काय बदलले

संघाचा सदस्य असताना ब्रिटनमध्ये माल, सेवा, भांडवल आणि माणसे यांना इतर सदस्य देशांतून मोकळेपणाने ये-जा करता येत होती. ही मोकळीक ब्रिटनच्या स्वतःच्या कायद्यातून उगवलेली नव्हती, ती सदस्यत्वातून आलेली होती; त्यामुळे सदस्यत्व संपताच तिचा आधार संपला. नागपूरकराला हे समजायला १९५६ साल उपयोगी पडते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, राजधानीचा मान गेला, अनेकांच्या बदल्या झाल्या. पण नागपूरच्या व्यापाऱ्याला जबलपूरला माल पाठवण्यासाठी सीमाशुल्क भरावे लागले नाही, की रायपूरच्या माणसाला धरमपेठेत राहण्यासाठी परवाना काढावा लागला नाही, कारण नागरिकत्व आणि बाजारपेठ या दोन्ही गोष्टी देशाच्या होत्या, राज्याच्या नव्हत्या. ब्रिटनच्या बाबतीत नेमके उलटे घडले. वेगळ्या विदर्भाच्या चर्चेत ब्रेक्झिटचा दाखला देणाऱ्यांनी, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, हा फरक आधी पाहावा.

भारतीय नागरिक ब्रेक्झिटपूर्वीही ‘तिसऱ्या देशाचे’, म्हणजे ब्रिटन आणि संघ या दोघांच्याही बाहेरचे, होते आणि आजही आहेत. तेव्हा ‘ब्रेक्झिटमुळे आपले काय गेले’ असे विचारण्याऐवजी ‘आपला हक्क कोणाच्या तरी युरोपीय हक्काच्या आधारे उभा होता का’ असे विचारणे अधिक उपयोगाचे आहे. उत्तर ‘होय’ असेल, तर पुढची पायरी आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे.

पहिली पायरी : ३१ डिसेंबर २०२० ही तारीख समोर ठेवावी

ब्रिटन आणि संघ यांच्यातील विभक्ती-कराराने या तारखेपर्यंत जे लोक एकमेकांच्या प्रदेशात कायदेशीरपणे राहत होते, त्यांचे हक्क राखून ठेवले. ब्रिटनमधील युरोपीय नागरिकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना त्यासाठी ‘ईयू सेटलमेंट स्कीम’खाली अर्ज करावा लागला, ज्याची सर्वसाधारण मुदत ३० जून २०२१ रोजी संपली. पाच वर्षे सलग राहिलेल्यांना ‘सेटल्ड स्टेटस’ आणि त्याहून कमी काळ राहिलेल्यांना ‘प्री-सेटल्ड स्टेटस’ मिळते. अर्जाला शुल्क नाही, आणि या योजनेच्या नावाने जो एजंट पैसे मागेल, तो केवळ स्वतःची मजुरी मागत असतो, सरकारचे शुल्क नव्हे.

मराठी कुटुंबांचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला राहिल्यामुळे हजारो गोवेकर पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनला गेले. स्विंडनसारख्या शहरात त्यांची मोठी वस्ती आहे. अशा घरात सून किंवा जावई म्हणून गेलेली नागपूरची व्यक्ती भारतीय पासपोर्टवर असली, तरी तिचा राहण्याचा हक्क जोडीदाराच्या युरोपीय नागरिकत्वावर उभा असतो. विवाह ३१ डिसेंबर २०२० पर्यंत झालेला असेल, तर जोडीदाराला नंतरही या योजनेखाली ब्रिटनला जाता येते. त्या नात्यातून आलेल्या, आर्थिकदृष्ट्या अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही, म्हणजे युरोपीय नागरिकाच्या सासूसासऱ्यांनाही, अटींसह हा मार्ग उपलब्ध आहे. विवाह त्या तारखेनंतरचा असेल, तर सामान्य कौटुंबिक व्हिसाचे नियम लागू होतात आणि ब्रिटनमधील जोडीदाराचे वार्षिक उत्पन्न किमान २९,००० पौंड असावे लागते. ही मर्यादा ११ एप्रिल २०२४ पासूनची आहे. एका दिवसाच्या फरकाने दोन बहिणींच्या नशिबी दोन वेगळे कायदे येऊ शकतात, आणि त्यावर दाद मागण्यासारखे काही उरत नाही. म्हणून विवाह नोंदणीचा दाखला, जुने पासपोर्ट, भाडेकरार आणि बँकेची विवरणे तारखेनिशी जपून ठेवावीत.

आधीच दर्जा मिळालेल्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. सेटल्ड स्टेटस असलेली व्यक्ती सलग पाच वर्षांहून अधिक काळ ब्रिटनबाहेर राहिली तर तो दर्जा जातो. आजारी वडिलांच्या सेवेसाठी नागपुरात येऊन राहिलेल्यांनी हा हिशेब विसरू नये. दुसरे असे की मूल ब्रिटनमध्ये जन्मले आणि ते जन्मतः ब्रिटिश ठरत नसेल, तर त्याच्यासाठी तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो.

उलट बाजूही आहे. ब्रिटिश पासपोर्ट घेतलेले आणि त्या आधारावर जर्मनी, नेदरलँड्स किंवा स्पेनमध्ये राहणारे मराठी लोक आता तिथे युरोपीय नागरिक राहिलेले नाहीत. या तारखेपूर्वी तिथे स्थायिक असलेल्यांचे हक्क विभक्ती-करारात राखलेले आहेत, पण ते त्या एका देशापुरते. काही देशांत त्यासाठी अर्ज सक्तीचा होता, काही देशांत हक्क आपोआप मिळाला आणि कार्ड केवळ पुराव्यापुरते होते.

दुसरी पायरी : डिजिटल दर्जा पासपोर्टशी जोडावा

ब्रिटनने प्लास्टिकची निवास-परवाना कार्डे बंद करून ई-व्हिसा आणला आहे. बहुतेक जुन्या कार्डांची मुदत ३१ डिसेंबर २०२४ ही छापलेली होती. आता हक्काचा पुरावा म्हणजे यूकेव्हीआय (ब्रिटनचा व्हिसा विभाग) येथील ऑनलाइन खाते आणि त्यातून काढलेला ‘शेअर कोड’. तो नव्वद दिवस चालतो. मालकाला नोकरीसाठी द्यायचा कोड डब्ल्यूने, घरमालकाला द्यायचा आरने आणि इतर कामांसाठीचा एसने सुरू होतो.

इथे नागपूरकरांची एक ठरलेली चूक होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी यायचे, त्याच सुट्टीत पासपोर्टचे नूतनीकरण उरकायचे आणि नवा पासपोर्ट घेऊन विमानतळावर जायचे. यूकेव्हीआय खात्यात जुन्याच पासपोर्टचा क्रमांक असेल, तर विमान कंपनीच्या यंत्रणेला आपला दर्जा दिसत नाही आणि चेक-इनच्या टेबलावर अडवणूक होते. नवा पासपोर्ट हाती येताच, प्रवासाच्या पुष्कळ आधी, तो खात्याला जोडावा. जुना पासपोर्ट सोबत ठेवावा.

तिसरी पायरी : नव्याने जाणाऱ्याने रांग ओळखावी

१ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये काम करू इच्छिणारा पोलिश माणूस आणि नागपूरचा माणूस एकाच गुणाधारित (पगार, नोकरी, भाषा यांना गुण देणाऱ्या) पद्धतीच्या रांगेत उभे असतात. अपवाद फक्त आयर्लंडच्या नागरिकांचा. सुरुवातीला याचा भारतीयांना फायदाच झाला. कुशल कामगारांच्या व्हिसावरील २०,७०० ची वार्षिक मर्यादा स्थगित झाली, आधी स्थानिक उमेदवार शोधल्याचे सिद्ध करण्याची अट गेली, आणि पदवीनंतर दोन वर्षे राहू देणारा ‘ग्रॅज्युएट’ मार्ग १ जुलै २०२१ रोजी सुरू झाला. त्यानंतर दार हळूहळू लोटले गेले. शिकवणीप्रधान पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी जोडीदार आणि मुले नेता येत नाहीत, कुशल कामगारासाठी सर्वसाधारण वार्षिक पगाराची अट २२ जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंडांवर गेली, त्याच दिवशी परदेशातून नव्या काळजीवाहकांची भरती बंद झाली, आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या बहुतेक पदवीधरांना दोन वर्षांऐवजी अठरा महिनेच मिळतील. मे २०२५च्या श्वेतपत्रिकेत कायम वास्तव्यासाठीची पाच वर्षे दहा करण्याचाही प्रस्ताव आहे. बँकेचे शैक्षणिक कर्ज ‘तिकडे पाच वर्षे राहून फेडू’ या हिशेबावर उचलणाऱ्या पालकांनी ही तारखांची रांग सलग वाचावी. सीताबर्डीतल्या जाहिरातींच्या फलकांवर ती सापडत नाही.

खर्चात व्हिसाच्या शुल्काबरोबर आरोग्य अधिभार धरावा. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढाला दर वर्षी १,०३५ पौंड आणि विद्यार्थ्याला ७७६ पौंड आहे, आणि संपूर्ण मुदतीचा एकदम भरावा लागतो.

अठरा ते तीस वयोगटातील पदवीधरांसाठी ‘इंडिया यंग प्रोफेशनल्स’ ही वेगळी योजना आहे. सोडतीने वर्षाला ३,००० जागा, मुदत दोन वर्षे, आणि नोकरी आधी हातात असण्याची अट नाही. कमी खर्चात नशीब अजमावण्याचा हा मार्ग आहे, पण त्यात मुदतवाढ नाही.

चौथी पायरी : प्रवासाबाबतचे गैरसमज दूर करावेत

ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, कधीच नव्हते, त्यामुळे भारतीय पासपोर्टधारकाला लंडनहून पॅरिसला जाण्यासाठी ब्रेक्झिटपूर्वीही वेगळा व्हिसा लागे आणि आताही लागतो. युरोपीय नागरिकाच्या भारतीय जोडीदाराला मात्र ब्रिटनने दिलेल्या कुटुंबीय-कार्डावर, त्या नागरिकासोबत असताना, शेंगेन देशांत व्हिसाविना जाता येत असे; ती सोय गेली. ब्रिटिश पासपोर्टवरील माणसाला शेंगेन प्रदेशात १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे बोटांचे ठसे घेऊन नोंद ठेवणारी नवी प्रवेश-निर्गम यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाल्यामुळे जास्त राहिलेले दिवस लपत नाहीत. आयर्लंड संघात आहे पण शेंगेनमध्ये नाही. तिथल्या निवास-परवान्यावर नागपूरच्या माणसाला लंडनला राहायला जाता येत नाही, जरी ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांना एकमेकांच्या देशात मोकळीक असली तरी.

पाचवी पायरी : तिकडचा मालक कोणत्या अडचणीत आहे हे समजून घ्यावे

लेस्टर किंवा हॅरोमधल्या भारतीय उपाहारगृहाला, किराणा दुकानाला किंवा बांधकाम ठेकेदाराला २०२० पर्यंत रोमानियाचा किंवा पोर्तुगालचा कामगार दुसऱ्या दिवशी कामावर ठेवता येत असे. आता त्याच माणसासाठी सरकारकडून प्रायोजकाचा परवाना काढावा लागतो आणि पगाराची अट पाळावी लागते, जी लहान दुकानाला बहुधा झेपत नाही. हक्क नसलेल्या माणसाला कामावर ठेवल्यास १३ फेब्रुवारी २०२४ पासून पहिल्या वेळी प्रत्येक कामगारामागे ४५,००० पौंडांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास ६०,००० पौंडांपर्यंत दंड होतो. त्यामुळे ओळखीचा मालक ‘या, मग बघू’ असे म्हणत असेल, तर त्याच्याकडे परवाना आहे का हे ब्रिटिश सरकारने प्रसिद्ध केलेल्या प्रायोजकांच्या यादीत पाहावे. नाव नसेल, तर तो विषय तिथेच सोडावा.

सहावी पायरी : निर्यातदाराने मालाचा मार्ग पुन्हा आखावा

माझ्या मते ब्रेक्झिटने सर्वाधिक नुकसान केले ते ‘इंग्लंडमध्ये एक गोदाम घेतले की सगळा युरोप झाला’ या सोयीचे. समजा, हिंगण्याचा एक कारखानदार पितळी सुटे भाग नागपूरच्या कंटेनर डेपोतून रेल्वेने न्हावाशेवाला आणि तिथून इंग्लंडला पाठवतो, तिथे आयातशुल्क भरून माल गोदामात ठेवतो आणि मागणी येईल तशी खोकी जर्मनीला रवाना करतो. २०२० पर्यंत जर्मनीत त्यावर पुन्हा शुल्क लागत नसे, कारण दोन्ही देश एकाच सीमाशुल्क संघात होते. आता लागते. ब्रिटन आणि संघ यांच्यातला ३० डिसेंबर २०२० चा व्यापार करार शून्य शुल्क देतो हे खरे, पण फक्त ब्रिटनमध्ये किंवा संघात ‘निर्माण झालेल्या’ मालाला. नुसते खोके बदलल्याने, लेबल लावल्याने किंवा जुळवाजुळव केल्याने माल ब्रिटिश होत नाही. त्याचे मूळ भारतीयच राहते, आणि शुल्क दुसऱ्यांदा बसते.

यावर तीन उपाय आहेत. संघातील ग्राहकांचा माल थेट रॉटरडॅम, अँटवर्प किंवा हॅम्बर्गला पाठवावा. ते शक्य नसेल तर इंग्लंडमध्ये सीमाशुल्क-बंधित गोदाम वापरावे, म्हणजे तिथे शुल्क न भरता माल पुढे जाईल आणि शुल्क फक्त शेवटच्या देशात लागेल. तिसरा उपाय म्हणजे प्रमाण फार लहान असल्यास दुहेरी शुल्क किमतीत धरून ग्राहकाला आधीच सांगणे. तो कमीपणाचा मार्ग वाटतो, पण वर्षाला चार-पाच खोकी पाठवणाऱ्याला तोच परवडतो. कोटेशन देताना ‘डीडीपी’ हा शब्द सहज लिहू नये. त्याचा अर्थ शुल्क आणि कर आपण भरणार असा होतो, आणि ते ब्रिटनसाठी वेगळे व संघासाठी वेगळे भरावे लागतात. दोन्हीकडे आयातदाराचा ईओआरआय क्रमांकही (कस्टम्समधला नोंदणी क्रमांक) वेगळा असतो. ब्रिटनचा क्रमांक जीबीने सुरू होतो आणि हॅम्बर्गच्या कस्टम्समध्ये तो चालत नाही.

मालाच्या मानकांचेही तसेच. बऱ्याच औद्योगिक वस्तूंसाठी ब्रिटनने संघाचे सीई हे सुरक्षा-मानकांचे चिन्ह बेमुदत मान्य ठेवले आहे, त्यामुळे ब्रिटनच्या स्वतःच्या यूकेसीए चिन्हाची सक्ती समजून घाबरण्याचे कारण नाही. उलट, इंग्लंडमधला आयातदार आता संघासाठी ‘जबाबदार व्यक्ती’ (मालाच्या सुरक्षिततेबद्दल सरकारला उत्तर देणारी) म्हणून चालत नाही. १३ डिसेंबर २०२४ पासून संघात विकल्या जाणाऱ्या सामान्य ग्राहकोपयोगी वस्तूंवर संघातील अशा व्यक्तीचे नाव आणि पत्ता लागतो, आणि यातून बांबूच्या हस्तकलावस्तूसुद्धा सुटत नाहीत. रसायनांसाठी ब्रिटनची आणि संघाची ‘रीच’ ही रसायन-सुरक्षा नोंदणी स्वतंत्र आहे. अन्नपदार्थांतील कीटकनाशकांच्या अवशेषांच्या मर्यादा २०२१ नंतर दोन्हीकडे स्वतंत्रपणे ठरतात. म्हणून प्रयोगशाळेला नमुना देताना अहवाल कोणत्या बाजारपेठेच्या मर्यादेनुसार हवा आहे, हे लेखी कळवावे. उत्तर आयर्लंडला माल जाणार असेल तर फॉरवर्डरला (मालवाहतुकीची व्यवस्था करणाऱ्याला) तसे वेगळे सांगावे, कारण तिथे मालाबाबत संघाचे बरेच नियम अजून लागू आहेत.

थेट ग्राहकाला कुरिअरने साडी, मसाले किंवा शोभेच्या वस्तू पाठवणाऱ्यांसाठी : ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या पार्सलवरचा व्हॅट विक्रीच्या वेळीच घ्यायचा असतो आणि त्यासाठी विक्रेत्याची तिथे नोंदणी लागते, विक्री मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेतून झाली तर ही जबाबदारी तिची. संघात १ जुलै २०२१ पासून २२ युरोंपर्यंतची सूट संपली आणि १५० युरोंपर्यंतच्या पार्सलसाठी ‘आयओएसएस’ ही एकखिडकी नोंदणी आली, जी भारतीय विक्रेत्याला संघातील मध्यस्थामार्फत घ्यावी लागते.

ब्रेक्झिटमुळे एक दार उघडलेही. सदस्य देशाला स्वतंत्र व्यापार करार करता येत नाही. बाहेर पडल्यामुळे ब्रिटनला तो करता आला, आणि २४ जुलै २०२५ रोजी भारताशी झालेल्या करारात ब्रिटनने सुमारे ९९ टक्के शुल्करेषांवरील (शुल्काच्या यादीतील वस्तूंच्या नोंदींवरील) शुल्क काढण्याचे मान्य केले. या सवलतीसाठी इन्व्हॉइस पुरेसे नाही, मूळ-उत्पत्तीचा पुरावा लागतो. आपल्या मालाचा एचएस कोड (कस्टम्समधला वर्गीकरण क्रमांक) काढून, त्यावर सवलत कोणत्या तारखेपासून आणि किती टप्प्यांत मिळते, हे परकीय व्यापार महासंचालनालयाच्या नागपूर कार्यालयात किंवा विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनमधील जाणकारांकडे विचारावे. युरोपीय संघाला पाठवलेल्या मालाला या कराराचा काहीही उपयोग नाही.

लोखंड, पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या वस्तू पाठवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आतापासून धरावी. संघाची सीमेवरील कार्बन-शुल्काची पद्धत १ जानेवारी २०२६ पासून पूर्णपणे लागू झाली आणि ब्रिटनने स्वतःची, वेगळी पद्धत १ जानेवारी २०२७ पासून जाहीर केली आहे. भट्टीचा वीज आणि कोळशाचा हिशेब महिन्यागणिक ठेवलेला नसेल, तर आयातदार सरासरीच्या चढ्या आकड्यांवर शुल्क भरतो आणि ते आपल्या किमतीतून कापतो.

सातवी पायरी : सेवा, माहिती आणि चलन

मिहानमधल्या लहान आयटी कंपन्यांना दोन बदल जाणवतात. पूर्वी ब्रिटिश कंपनी आपल्या भारतीय कर्मचाऱ्याला, युरोपीय न्यायालयाच्या १९९४च्या व्हांडर एल्स्ट निकालाच्या आधारे, वेगळ्या कामपरवान्याशिवाय फ्रान्समधल्या कामावर पाठवू शके. ब्रिटिश कंपन्यांचा तो अधिकार संपला, म्हणून लंडनच्या ग्राहकाने ‘दोन महिने फ्रँकफर्टला बसा’ म्हटल्यास जर्मन परवाना आधी मागावा. दुसरा बदल माहिती-संरक्षणाचा. संघाकडून येणाऱ्या वैयक्तिक माहितीसाठी जून २०२१ची प्रमाण कलमे (करारात घालायची ठरावीक कलमे) आणि ब्रिटनकडून येणाऱ्या माहितीसाठी मार्च २०२२ पासूनचा ब्रिटनचा स्वतंत्र करारनामा किंवा पुरवणी लागते. एकाच ग्राहकाचे दोन्हीकडे व्यवसाय असतील तर दोन्ही कागद सही करून घ्यावेत.

ट्रेडमार्कच्या बाबतीत संघात आधी नोंदलेल्या चिन्हांना ब्रिटनने आपोआप समांतर नोंद दिली. २०२१ नंतरचे अर्ज मात्र दोन.

२३ जून २०१६ च्या सार्वमतानंतर एका रात्रीत पौंड सुमारे १.५० डॉलरवरून १.३३च्या आसपास घसरला, जो १९८५ नंतरचा नीचांक होता. पौंडांत दर ठरवून नव्वद दिवसांची उधारी देणाऱ्यांना तो फटका बसला. पौंडांत बिल करायचे असेल तर बँकेत फॉरवर्ड करार (पुढच्या तारखेचा विनिमयदर आजच ठरवणारा) करावा, नाहीतर करारातच दर-फेरआढाव्याचे कलम घालावे, आणि ते कलम ब्रिटनच्या व संघाच्या ग्राहकांसाठी स्वतंत्रपणे लिहावे.